अडीनडीचा पैसा

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृती-व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या सरांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला शाळेत जमाखर्च शिकवायचे. रोजकीर्द, खतावणी, किरकोळ खर्चाची वही. विषय रूक्ष, पण सरांचा एक नेम होता. देण्याघेण्याचा कोणताही कागद हातात आला की त्याला तीन प्रश्न विचारायचे. देणार कोण? देणार काय? आणि कधीपर्यंत? तिन्हींची उत्तरं मिळाली तर ती चिठ्ठी. एक जरी अडलं तरी ते चिटोरं. पुढे हेच सर या वाचनालयाचे खजिनदार झाले आणि अनामत रकमेच्या पावत्यांनाही त्यांनी हेच तीन प्रश्न लावले, हे इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल.

मी गेली अनेक वर्षं जर्मनीतला एक विशिष्ट प्रकारचा कागदी पैसा जमवतो आहे. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत तिथल्या गावांनी, कारखान्यांनी, अगदी दुकानदारांनीही स्वतःच्या नोटा छापल्या. जर्मन भाषेत त्यांना ‘नोटगेल्ट’ म्हणतात. गंमत अशी की यातला ‘नोट’ म्हणजे आपली खिशातली नोट नव्हे. जर्मनमध्ये ‘नोट’ म्हणजे निकड, अडचण. आणि ‘गेल्ट’ म्हणजे पैसा. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे: अडीनडीचा पैसा. आज मी या पैशाला सरांचे तीन प्रश्न विचारणार आहे.

सुरुवात ऑगस्ट १९१४ची. त्याआधी जर्मन माणसाच्या हातात दहा आणि वीस मार्कांची सोन्याची नाणी खेळत. बँकेची नोट खिडकीत सरकवली की तिकडून सोनं मिळे. युद्धाला तोंड फुटलं आणि ४ ऑगस्टच्या कायद्यांनी ती खिडकी बंद केली. लोकांनी जे करायचं तेच केलं. सोनं दडवलं, मग चांदी दडवली. बाजारात मोठ्या नोटा उरल्या आणि सुट्टे गायब झाले. सीमेजवळच्या भागांत, म्हणजे पूर्व प्रशियात आणि अल्सासमध्ये, तर आठवड्याचा पगार वाटायचा कसा हाच प्रश्न पडला. मग नगरपालिकांनी टाइपरायटरवर, दगडी छापावर, मिळेल त्या कागदावर मार्काच्या चिठ्ठ्या काढल्या. खाली सही, बाजूला नगरपालिकेचा शिक्का.

१९१६नंतर चणचण आणखी खोल गेली, कारण आता नाण्यांचा धातूच युद्धाला हवा होता. तांबं तोफगोळ्यांकडे गेलं, निकेल पोलादाकडे. पाच आणि दहा फेनिगची नाणी लोखंडाची झाली, पुढे दहाचं नाणं जस्ताचं, एका फेनिगचं अॅल्युमिनियमचं. शंभर फेनिगचा एक मार्क. तेव्हा फेनिग म्हणजे आपला पैसाच समजा. तीही नाणी पुरेनात म्हणून पन्नास फेनिगच्या, पंचवीस फेनिगच्या कागदी चिठ्ठ्या गावोगावी निघाल्या. पुढे कुठे टपाल तिकीट छोट्या गोल डबीत बंद करून तेच नाणं म्हणून चालवलं. सुट्ट्यांऐवजी दुकानदारानं चॉकलेट पुढे केलं की आपण कुरकुरतो. तिथे चॉकलेटही नव्हतं.

यातली एक चिठ्ठी आज मी सोबत आणली आहे. १९१७ सालची, एका छोट्या गावची, पन्नास फेनिगची. आकारानं आपल्या बसच्या जुन्या पासाएवढी. कागद मूळचा फिकट हिरवा असावा, आता त्याला हाताळणीचा तपकिरी रंग चढला आहे. चौपदरी घडीवर ती इतकी चिरली आहे की कोणीतरी मागून डिंकानं पातळ कागदाची पट्टी लावली आहे. हाताला ती धुतलेल्या सुती रुमालासारखी मऊ लागते. चित्र नाही. वर लिहिलं आहे ‘गुटशाइन’, म्हणजे देय-चिठ्ठी. खाली दोन ओळी बारीक अक्षरात: गावची तिजोरी ही चिठ्ठी वटवून देईल, आणि सूचना दिल्यापासून महिन्याभरात ती परत न आणल्यास तिची किंमत संपेल.

आता सरांचे प्रश्न विचारा. देणार कोण? गावची तिजोरी. ती कुठल्या रस्त्यावर आहे ते चिठ्ठी घेणाऱ्याला ठाऊक होतं. देणार काय? पन्नास फेनिग. कधीपर्यंत? सूचना लागल्यावर महिनाभर. तिन्ही उत्तरं चोख. कायद्यानं हे चलन नव्हतंच; सरकारनं त्याकडे कानाडोळा केला, एवढंच. तरीही पाववाल्यानं ते घेतलं, कारण सही करणाऱ्याला तो ओळखत होता. राष्ट्राची पत जिथे पोचत नव्हती तिथे गावाची पत उपयोगी पडली. माझ्या मते या नोटांच्या गोष्टीतला हा सर्वांत सन्मानाचा काळ. आणि नेमका याच काळाच्या नोटा दिसायला सर्वांत ओबडधोबड आहेत.

युद्धकैद्यांच्या छावण्यांचा पैसाही याच वर्षांतला. कैद्याच्या हातात खरा मार्क पडला तर पळून जायला उपयोगी पडेल, म्हणून छावणीपुरत्या चिठ्ठ्या निघाल्या. कुंपणाबाहेर त्यांना दमडीची किंमत नव्हती. अशाच एका छावणीत, बर्लिनच्या दक्षिणेला व्यून्सडॉर्फ इथे, फ्रान्सच्या आघाडीवर पकडलेले हिंदुस्थानी शिपाई ठेवले होते.  

सुट्ट्यांची टंचाई इकडे हिंदुस्थानातल्या सरकारलाही चुकली नव्हती. चांदी महागली, रुपयाच्या नाण्याला धातू पुरेना. म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी हिंदुस्थानात पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट आली. पाठोपाठ जानेवारी १९१८मध्ये अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची. शेवटी अमेरिकेच्या खजिन्यातली चांदी विकत आणून सरकारनं वेळ मारून नेली. फरक इतकाच की इथे वचन देणारा लांबचा होता, तिथे शेजारचा.

युद्ध संपलं आणि गोष्टीनं वेगळं वळण घेतलं.

युद्धकाळातच लोकांच्या लक्षात आलं होतं की या चिठ्ठ्या जमवायला मजा येते. दर गावची वेगळी, रंग वेगळे, शिक्के वेगळे. जमवणारे वाढले, अल्बम निघाले, मासिकं निघाली, व्यापारी तयार झाले. आणि गावांच्या कारभाऱ्यांना एक साधा हिशोब उमगला. गिऱ्हाइकानं पन्नास फेनिग देऊन चिठ्ठी घेतली आणि ती अल्बममध्ये चिकटवली, तर ती वटवायला कधी येणारच नाही. छपाईचा खर्च वजा जाता सगळी रक्कम गावाची. बिनव्याजी कर्ज, तेही न फेडायचं!

१९२०, १९२१ आणि १९२२ या तीन वर्षांत चित्रमालिकांचा पूर आला. मी या छंदात पडलो तो या नोटांमुळेच, हे कबूल करतो. त्या आहेतच देखण्या. हामेलिन गावानं आपला उंदीर पळवणारा बासरीवाला छापला. नाउमबुर्ग गावात एक दंतकथा आहे: हुसाइट या ख्रिस्ती पंथाच्या सैन्यानं गावाला वेढा घातला, तेव्हा गावची मुलं बाहेर गेली, सेनापतीला दया आली, त्यानं मुलांना चेरी दिल्या आणि वेढा उठवला. वाल्टर हेगे या तरुण चित्रकारानं ही गोष्ट काळ्या छायाकृतींमध्ये नोटांवर मांडली. हाच हेगे पुढे नाउमबुर्गच्या कॅथेड्रलच्या शिल्पांचा छायाचित्रकार म्हणून नावाजला. मेक्लेनबुर्ग भागातल्या सत्तर गावांनी तर एकत्र येऊन मालिका काढली. प्रत्येक गावच्या दहा, पंचवीस आणि पन्नास फेनिगच्या तीन नोटा, आणि सगळ्यांवर फ्रिट्स रॉयटर या तिथल्या बोलीतल्या लेखकाची छाया. म्हणून तिला ‘रॉयटरगेल्ट’ म्हणतात. मालवणी किंवा अहिराणीतला मजकूर नोटेवर छापून आला असता तर आपल्याला काय वाटलं असतं, तसं तिथल्यांना वाटलं असणार.

कागदावरही भागेना. बीलेफेल्ड हे लिननच्या आणि रेशमी कापडाचं गाव. तिथल्या बचत बँकेनं रेशमावर, लिननवर, मखमलीवर नोटा छापल्या, काहींना कडेनं विणीची किनारही लावली. प्योसनेक इथे चामडं कमावलं जायचं, तिथल्या नोटा चामड्याच्या. माइसेनच्या प्रसिद्ध चिनी मातीच्या कारखान्यानं तपकिरी मातीची भाजलेली नाणी पाडली. गावाचा धंदा काय, हे नोट हातात घेतल्यावर बोटांनाच कळावं, अशी ही कल्पना.

आता पुन्हा सरांचे प्रश्न. देणार कोण? गाव. देणार काय? पन्नास फेनिग. कधीपर्यंत? इथे नीट पाहा. कितीतरी नोटांवर मुदत जेमतेम महिन्याची आहे. काही नोटा संग्राहकांच्या हाती पोचल्या तेव्हा त्यांची मुदत उलटूनही गेली होती! पूर्ण संच दर्शनी किमतीपेक्षा जास्त दरानं विकले जात. थोडक्यात, नोटेवर वचन छापलं होतं, पण ते पाळायची वेळ येणार नाही अशी तजवीज आधीच झाली होती. आणि ही तजवीज ज्याच्या भरवशावर झाली तो माणूस म्हणजे मी. म्हणजे माझ्यासारखा संग्राहक. जुन्या वस्तू वाचवणारा, इतिहासाचा रखवालदार, असं आम्ही स्वतःबद्दल बोलतो. खरं म्हणजे या गोष्टीत आम्हीही एक पात्र आहोत.

यातून बाजाराचा एक उलटा न्याय निघतो. नवशिक्याला वाटतं, शंभर वर्षांची नोट कोरी करकरीत मिळाली म्हणजे घबाड. मलाही वाटलं होतं. एका विक्रेत्यानं ‘अत्यंत दुर्मीळ’ म्हणून दिलेला सहा नोटांचा संच मी अर्धा पगार मोजून घेतला. पुढे कळलं की तो संच मूठभर रुपयांत कुठेही मिळतो, कारण तो छापलाच होता जपून ठेवायला. चालून, मळून, घडी पडून जी नोट वटवायला गेली ती छिद्र पाडून रद्द झाली किंवा भट्टीत गेली. म्हणून देखणी नोट मुबलक आणि मळकी नोट दुर्मीळ. चलन म्हणून जगलेली नोट ओळखायची तर अंगावरच्या घड्या मोजाव्या लागतात.

देखणेपणाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हे व्याख्यान खोटं ठरेल. या चित्रांमध्ये परीकथा आणि घंटाघरं आहेत, तसं विषही आहे. श्लेस्विग प्रांत जर्मनीत राहणार की डेन्मार्कला जाणार, या १९२०च्या सार्वमतात नोटाही प्रचारात उतरल्या. युद्धातला पराभव, व्हर्सायचा तह, उपासमार, काळाबाजार या सगळ्याचा राग काही नोटांवर ज्यूंच्या विकृत चित्रांतून काढलेला आहे. पन्नास फेनिगच्या त्या चिठ्ठ्या लोकांनी मुलांच्या अल्बममध्येही लावल्या असतील. पुढे नाझींनी तर महागाईतल्या रद्दी झालेल्या नोटांवर ज्यूद्वेषाचा मजकूर छापून त्या पत्रकांसारख्या वाटल्या. मी असल्या नोटा संग्रहातून काढत नाही, त्यांचं प्रदर्शनही मांडत नाही. त्या वेगळ्या पाकिटात आहेत आणि पाकिटावर त्या काय आहेत ते स्पष्ट लिहिलं आहे.

१७ जुलै १९२२च्या कायद्यानं या गाव-नोटांवर बंदी आली. मंडळी, बंदीची शाई वाळते न वाळते तोच काही आठवड्यांत खुद्द सरकारला पुन्हा गावांकडेच हात पसरावे लागले, कारण आता मार्कच कोसळत होता.

युद्धभरपाई थकली म्हणून जानेवारी १९२३मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा जर्मनीच्या रूहर खोऱ्यात घुसल्या. तिथल्या कामगारांनी असहकार केला आणि त्यांचा पगार बर्लिननं नोटा छापून भागवला. हातगाडीभर नोटांची गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली आहे, ती मी सोडतो. मी आकड्यांकडे येतो, कारण तिथे आपल्याकडचं एक जुनं धन कामाला येतं.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी आणि पुढे परार्धापर्यंत. लहानपणी आम्ही ती घोकायचो आणि वाटायचं, एवढं मोजायचं तरी काय? तर १९१४च्या उन्हाळ्यात एक अमेरिकी डॉलर ४.२० मार्कांना मिळत होता. २० नोव्हेंबर १९२३ रोजी तोच डॉलर ४.२ महापद्म मार्कांना मिळू लागला. महापद्म म्हणजे एकावर बारा शून्यं, आजच्या भाषेत एक लाख कोटी. मध्यवर्ती बँकेची सर्वांत मोठी नोट शंभर महापद्म मार्कांची होती. तिला भास्कराचार्यांचा शब्द लावायचा तर ती ‘एक जलधी’ची नोट. बँकेसाठी तीस कागद गिरण्या आणि शंभरावर छापखाने राबत होते, तरी नोटा पुरत नव्हत्या. डिसेंबर १९२२च्या हजार मार्कांच्या नोटेवर लाल शाईनं ‘एक अब्ज’ असा शिक्का मारून तीच पुन्हा बाजारात सोडली. साडेपाच हजारांहून अधिक ठिकाणांहून, म्हणजे नगरपालिका, कारखाने, खाणी आणि रेल्वेकडूनही नोटा निघत होत्या. बहुतेक एकाच बाजूला छापलेल्या. पाठ छापायला वेळ कुणाला?

त्या घाईतून एक अपवादही जन्मला. थुरिंगिया राज्याच्या बँकेसाठी ऑगस्ट १९२३मध्ये वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेतल्या तेवीस वर्षांच्या हर्बर्ट बायरनं नोटा रेखल्या. राजा नाही, देवी नाही, वेलबुट्टी नाही. रंगाचे सपाट पट्टे आणि ठसठशीत आकडे. पुढे जगभर नावारूपाला आलेल्या मुद्रणकलेचा हा सुरुवातीचा नमुना, आणि महिन्याभरात त्याची पाववड्याइतकीही किंमत उरली नाही.

इथे सरांचे प्रश्न विचारून पाहा. देणार कोण? कोण नाही, असं विचारा. जो तो देतो आहे. कधीपर्यंत? मुदतीची गरजच नव्हती, सकाळची नोट संध्याकाळी आपोआप संपत होती. पण खरा अडला तो मधला प्रश्न: देणार काय? एक महापद्म मार्क म्हणजे काय? भाकरी? काडेपेटी? नोटेवरचा आकडा ठळक होता आणि त्याखाली काहीच नव्हतं. सरांनी या नोटांना क्षणभरही न थांबता चिटोरं म्हटलं असतं.

आणि म्हणूनच पुढची पायरी मला विलक्षण वाटते. १९२२च्या अखेरीस ओल्डेनबर्ग राज्यानं राय या धान्याच्या वजनात रोखे काढले. राय म्हणजे आपली फोडणीची राई नव्हे. तिथल्या काळ्या पावाचं धान्य. इतके किलो राय, किंवा त्या दिवशीची तिची किंमत. पाठोपाठ कुणी लाकडाच्या, कुणी कोळशाच्या हिशोबात कागद काढले. १९२३च्या शरदात गावांनी आणि रेल्वेनं ‘स्थिर मोलाच्या’ नोटा छापल्या. त्यांच्यावर सोन्याचा मार्क आणि त्याचं डॉलरशी नातं लिहिलेलं असे: ४.२० गोल्डमार्क म्हणजे एक डॉलर. ‘देणार काय’ या प्रश्नाचं उत्तर लोकांनी पुन्हा शेतातून आणि खाणीतून शोधून काढलं. मग १५ नोव्हेंबर १९२३ला नवा रेंटेनमार्क आला आणि एक महापद्म जुने मार्क देऊन एक नवा मार्क मिळू लागला. छापखान्यांना नोटा पुरवायला सांगणारे मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष रुडॉल्फ हाफेनस्टाइन २० नोव्हेंबरला, म्हणजे डॉलरचा दर ४.२ महापद्मावर ठरला त्याच दिवशी वारले.

या सगळ्या पसाऱ्याची नोंद ठेवण्याचं श्रेय बर्लिनच्या अर्नोल्ड केलर यांना जातं. त्यांनी ‘नोटगेल्ट’साठी मासिक चालवलं आणि गावागावांच्या याद्या केल्या. आजही आम्ही संग्राहक नोटेचा क्रमांक सांगतो तो त्यांच्या यादीच्या पायावर. त्यांचं काम रसिकाचं नव्हतं, खतावणी लिहिणाऱ्याचं होतं. सरांना ते आवडले असते.

आता छंदाबद्दल दोन शब्द, कारण तरुण मंडळी मागच्या रांगेत बसली आहेत. आपल्या हवेत कागद जपणं सोपं नाही. सुरुवातीला मी नोटा चकचकीत प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवल्या. दोन पावसाळ्यांनंतर प्लास्टिक तेलकट झालं, नोटा त्याला चिकटल्या, आणि चामड्याच्या एका नोटेवर पांढरी बुरशी आली. तेव्हापासून आम्लरहित कागदाची पाकिटं, डब्यात सिलिकाच्या पुड्या, आणि श्रावणात एकदा सगळं बाहेर काढून पंख्याखाली ठेवणं. चिरलेल्या नोटेला चिकटपट्टी कधीही लावू नका. आणि मळकी नोट धुऊन इस्त्री करण्याचा मोह आवरा. तो मळ हीच तिची रोजकीर्द आहे.

शेवटी त्या हिरव्या चिठ्ठीकडे येतो. तिच्यावर रद्द केल्याचं छिद्र नाही, शिक्काही नाही. म्हणजे १९१७नंतर कधीतरी गावानं सूचना लावली, महिना गेला आणि ही चिठ्ठी तिजोरीपर्यंत पोचलीच नाही. कोणाच्या तरी कोटाच्या अस्तरात राहिली असेल, एखाद्या बाईच्या प्रार्थनापुस्तकात असेल, किंवा तिचा धनी आघाडीवरून परतलाच नसेल. मागून पट्टी लावणाऱ्यानं ती संग्रहासाठी लावली नव्हती. दुसऱ्या दिवशी पाव घ्यायचा होता म्हणून लावली होती. ते पन्नास फेनिग गावाच्या वहीत अजून देणं म्हणून राहिले असते, मुदतीच्या त्या ओळीनं त्यांतून गावाला मोकळं केलं.

व्याख्यान संपल्यावर बाहेरच्या टेबलावर काचेखाली तीन नोटा मांडल्या आहेत: ही मळकी चिठ्ठी, नाउमबुर्गची चेरीची मुलं, आणि ‘एक अब्ज’चा लाल शिक्का मारलेली हजाराची नोट. चित्रं पाहायला तुम्हाला कोणी सांगायला नको. मात्र आधी तळाची बारीक ओळ पाहा. जिथे जर्मन वाचता येत नाही तिथे अर्थ सांगायला मी उभा आहे. सरांचे तीन प्रश्न मी टेबलावर पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहेत. कोणत्या नोटेशी कोणता प्रश्न अडतो, ते आपण मला सांगा.